दुसरं कार्ड जागं आहे का?

मागच्या उन्हाळ्यात दहावी झालेली आमच्या शाळेतली एक मुलगी वडिलांना घेऊन रात्री साडेआठला माझ्या दारात उभी होती. वडील हातगाडीवर फळं विकतात. मुलीला शहरातल्या एका संस्थेत अकरावी सायन्सला जायचं होतं. खरं म्हणजे तिला तिथलं मुलींचं वसतिगृह हवं होतं, कारण त्याशिवाय घरचे पाठवणार नव्हते. वसतिगृहाच्या जागा ज्याचा फॉर्म आधी त्याला आधी, अशा मिळणार होत्या. मुदत रात्री बारापर्यंत. उत्पन्नाचा दाखला त्याच संध्याकाळी हातात पडला होता.

आम्ही तिघं नेट कॅफेत गेलो. फोटो चढला, सही चढली, मार्कशीट चढली. दाखला चढवताना पान गोल गोल फिरायला लागलं आणि मग उघडेचना. साडेबारापर्यंत बसलो. कॅफेवाला पोरगा म्हणाला, "सर, त्यांचाच सर्व्हर डाऊन आहे. सगळीकडून हेच फोन येताहेत."

संस्थेनं पुढे दोन दिवस मुदत वाढवली. मुलीला प्रवेश मिळाला, वसतिगृहात मात्र नंबर लागला नाही. रोज सत्तर किलोमीटर एसटीनं जाणं वडिलांना पटलं नाही. ती आता आमच्याच गावात आर्ट्सला आहे. कुणी तिच्यावर अन्याय केला असंही म्हणता येत नाही. "सर्व्हर डाऊन होता," एवढ्या तीन शब्दांत विषय संपला.

माझ्यापुरता तो ईदच्या दिवशी पुन्हा निघाला. माझा भाचा नेटवर्कचं काम करतो. त्या रात्री दुरुस्तीला ज्यांना बोलावलं, त्यांच्यात तो होता. शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन तो म्हणाला, "मामू, सर्व्हर ठणठणीत होता. मधला मोठा स्विच बसला होता. त्यात प्रोसेसरची दोन कार्डं. एक गेलं आणि दुसरं झोपलेलं."

'दुसरं झोपलेलं' हे ऐकून मला अब्बा आठवले. अब्बांची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. एक्स्चेंजमध्येही अशी दोन कार्डं असत आणि अब्बांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "सोया हुआ चौकीदार किस काम का?" मी भाषेचा मास्तर, उर्दू आणि मराठी शिकवतो, तारांमधलं मला फारसं कळत नाही. पण या दुसऱ्या कार्डाला मोठा इतिहास आहे, आणि तो वाचत गेलो तशी ती रात्र मला वेगळी दिसायला लागली.

डोकं नसलेलं यंत्र

टेलिफोन जोडण्याचं काम आधी माणसं करत. समोर फळा, हातात दोरीसारखी वायर, आणि "नंबर प्लीज". अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्राउजर नावाचा एक माणूस अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा धंदा करायचा. त्याची गोष्ट अशी सांगतात, की गावातल्या दुसऱ्या धंदेवाल्याची बायको टेलिफोनवर बसायची आणि याची गिऱ्हाइकं नवऱ्याकडे वळवायची. खरं-खोटं काहीही असो, पण माणसाशिवाय फोन जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याला १८९१ मध्ये मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं.

स्ट्राउजरच्या यंत्राला डोकं नव्हतं. डायल फिरली की एक खटका वर चढायचा, आडवा सरकायचा आणि पुढच्या खटक्याकडे सोपवायचा. प्रत्येक खटका आपापलं काम बघायचा. एखादा अडकला तर एखादा फोन अडकायचा, अख्खं गाव मुकं व्हायचं नाही. यंत्र अडाणी होतं, त्याचा आवाज भारी, तेलपाणी रोजचं. पण एका जागी घाव बसला म्हणून सगळं कोसळेल, अशी ती जागाच त्यात नव्हती.

पुढे शहरं वाढली. सगळा कारभार एका मध्यवर्ती मेंदूकडे द्यावा, म्हणजे जागा वाचेल, वेग वाढेल आणि नवी सोय द्यायची तर फक्त मेंदूला शिकवावं लागेल, असा विचार पुढे आला. विचार बरोबर होता. पण त्याबरोबरच एक प्रश्न जन्माला आला: मेंदूच बंद पडला तर?

चाळीस वर्षांत दोन तास

अमेरिकेतल्या बेल लॅब्सनं या प्रश्नाला दिलेलं उत्तर १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सकासुन्ना गावात उभं राहिलं. त्या एक्स्चेंजचं नाव 'नंबर वन ईएसएस'. साठवलेल्या प्रोग्रॅमवर चालणारं हे पहिलं मोठं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज. त्याआधी १९६० पासून इलिनॉयमधल्या मॉरिस गावात त्याची चाचणी झाली होती. अभियंत्यांनी स्वतःला घालून घेतलेली अट वाचून मी थबकलो. चाळीस वर्षांत मिळून यंत्र दोन तासांपेक्षा जास्त बंद पडता कामा नये! वर्षाला हिशेब केला तर तीन मिनिटं. आमच्या शाळेची घंटासुद्धा वर्षात याहून जास्त बिघडते.

हे साधायचं तर मेंदू दोन हवेत, हे उघड होतं. पण त्यांनी दुसरा मेंदू कपाटात ठेवला नाही. दोन्ही मेंदू एकाच वेळी तेच काम करायचे आणि त्यांची उत्तरं सतत पडताळली जायची. उत्तर जुळलं नाही की काम क्षणभर थांबवून कोण चुकला ते यंत्र स्वतःच शोधायचं, चुकलेल्याला बाजूला करायचं, आणि दुसरा काम पुढे न्यायचा. बोलणाऱ्या दोघांना पत्ताही लागायचा नाही.

बाजूला पडलेल्या मेंदूत नेमकं कोणतं कार्ड बिघडलं, हे कळायला त्यांनी काय केलं? मॉरिसच्या यंत्रात मुद्दाम हजारो बिघाड केले. एकेक भाग खराब करायचा, यंत्र काय लक्षण सांगतं ते टिपायचं, पुढचा भाग घ्यायचा. त्यातून एक जाडजूड कोश तयार झाला. टेलिप्रिंटरवर लक्षणाचा आकडा उमटला की कारागिरानं कोश उघडायचा आणि समोरचं कार्ड बदलायचं. भाषेचा मास्तर म्हणून मला ही कल्पना फार आवडली. आजारी यंत्राची भाषा आणि तिचा शब्दकोश.

या एक्स्चेंजचा प्रोग्रॅमसुद्धा कार्डांवरच असायचा. ॲल्युमिनियमचे पत्रे, एकेका पत्र्यावर २,८१६ बारीक चुंबकं. काही बदलायचं तर पत्रे बाहेर काढायचे, चुंबकं नव्यानं लिहायची आणि परत जागेवर बसवायचे. आज आपण 'सॉफ्टवेअर अपडेट' म्हणतो ते काम तेव्हा अक्षरशः हातानं उचलावं लागे.

गर्दीची रात्र आणि एक इतिहासाची पदवीधर

मेंदू मरतो तो फक्त बिघाडानं नाही, गर्दीनंही. एकदम हजारो फोन आले की प्रोसेसर एवढा गांगरतो, की कुठलंच काम पुरं करू शकत नाही. शेवटच्या रात्री फॉर्म भरणाऱ्यांना हे सांगायला नको.

यावर उपाय शोधणाऱ्या बाईंचं नाव अर्ना हूवर. वेल्स्ली कॉलेजात त्यांनी इतिहास आणि अभिजात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. पुढे येल विद्यापीठात गणिताच्या पायावर पीएचडी. १९५४ मध्ये त्या बेल लॅब्समध्ये लागल्या. बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना त्यांनी या उपायाचा पहिला आराखडा मांडला. त्यांची युक्ती साधी वाटते: येणारे फोन किती हे प्रोसेसरनं स्वतःच मोजत राहावं, गर्दी वाढली की फोन घेणं आणि जोडणं आधी, बिलाची नोंद वगैरे कामं मागे. घरात पाहुणे दारात असताना कोणी कपाट आवरत बसत नाही, तसंच. १९७१ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं. सॉफ्टवेअरच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांत त्याची गणना होते. इतिहास शिकून काय करणार, असं विचारणाऱ्या पालकांना मी आता हे नाव सांगतो.

कॉपी-झिरो, कॉपी-वन

आपल्याकडे तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. खेड्यात तर ट्रंक कॉल लावून पोस्टाच्या ओट्यावर दिवस काढायचा. परदेशी एक्स्चेंज महाग, आणि त्यांना थंड, धूळ नसलेली खोली लागायची. ऑगस्ट १९८४ मध्ये सरकारनं 'सी-डॉट' ही संस्था काढली. अमेरिकेत स्विचिंगमध्ये नाव कमावलेले सॅम पित्रोदा, दूरसंचार खात्यातले जी. बी. मीमांसी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एम. व्ही. पिटके ही सुरुवातीची मंडळी. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, असा वायदा. जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं १२८ पोर्टचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं. वातानुकूलित खोलीशिवाय, आपल्या उन्हात आणि धुळीत चालेल असं ते घडवलं होतं. हीच एक्स्चेंज मग मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, विदर्भातल्या खेड्यांपर्यंत आली आणि अशाच एकात अब्बा रुजू झाले.

लहानपणी मी डबा घेऊन जायचो. दाराबाहेर चपला काढायच्या, हा नियम. आत एक लोखंडी कपाट, त्यात पुस्तकांसारखी उभी लावलेली हिरवी कार्डं आणि लुकलुकणारे दिवे. अब्बांनी मला त्यातली दोन दाखवली होती. एकाचं नाव कॉपी-झिरो, दुसऱ्याचं कॉपी-वन. दोन्ही सारखीच. एक 'ॲक्टिव्ह', दुसरं 'स्टँडबाय'. मी विचारलं, दुसरं काय करतं? ते म्हणाले, पहिलं काय करतंय ते बघत राहतं.

कार्ड काढण्याला त्यांच्याकडे 'जॅक-आउट' म्हणत, बसवण्याला 'जॅक-इन'. अब्बा आधी मनगटावर एक पट्टी बांधत, तिची वायर कपाटाच्या लोखंडाला जोडलेली. अंगातली स्थिर वीज कार्डाच्या चिपा जाळते आणि जळल्याचं लगेच कळतही नाही, म्हणून. मग टर्मिनलवर हुकूम देऊन ते कार्ड सेवेतून बाजूला करायचे, दिव्याकडे बघायचे आणि मगच हात घालायचे. चालू कार्ड ओढायचं नाही. आधी कारभार दुसऱ्याकडे द्यायचा. आणि ठरलेल्या दिवशी, काहीही बिघडलेलं नसताना, ते कारभार झिरोकडून वनकडे आणि पुढच्या खेपेला वनकडून झिरोकडे फिरवायचे. डायरीत एक ओळ: 'कॉपी-१ वर घेतले. ठीक.'

चांगलं चाललेलं कशाला हलवायचं, हा माझा प्रश्न. त्यावरचं त्यांचं उत्तर वर सांगितलंच आहे.

जुळ्यांचा एकच आजार

दुसरं कार्ड जागं असलं म्हणजे सगळं भागलं, असंही नाही. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे नऊ तास लुळं पडलं. देशभरात त्यांचे ११४ मोठे स्विच होते. न्यूयॉर्कमधल्या एकाला किरकोळ अडचण आली. त्यानं नियमाप्रमाणे काही सेकंद सुट्टी घेतली, स्वतःला सावरलं आणि परत आल्याचं शेजाऱ्यांना कळवलं. शेजारी ती नोंद करत असतानाच त्याच्याकडून दुसरा निरोप आला. काही आठवड्यांपूर्वी घातलेल्या नव्या प्रोग्रॅममध्ये नेमकी या क्षणासाठी एक चूक होती, एका शब्दाची जागा चुकलेली. शेजारचा प्रोसेसर गडबडला, त्यानं कारभार आपल्या जोडीदाराकडे दिला. जोडीदाराकडेही तोच प्रोग्रॅम, तीच चूक. तोही गडबडला. मग त्या स्विचनं सुट्टी घेतली, परत आला, त्यानंही निरोप पाठवले आणि हा आजार देशभर फिरत राहिला. शेवटी निरोपांची गर्दी कमी केल्यावर जाळं शांत झालं.

दुसरं कार्ड यंत्राच्या बिघाडावर इलाज आहे. माणसाच्या चुकीवर नाही. एकाच पुस्तकातली चुकीची तारीख पाठ केलेले दोन विद्यार्थी एकमेकांची वही तपासून काय करणार?

फोनकडून संगणकाकडे

याच १९९० च्या सुमारास संगणकांच्या जाळ्यातही 'स्विच' आला. संगणक जोडण्याची इथरनेट ही पद्धत रॉबर्ट मेटकाफनं १९७३ मध्ये मांडली होती. तिच्यात सगळे एकाच तारेवर बोलायचे, गोंगाटाच्या वर्गासारखे. विनोद भारद्वाज यांच्या कंपनीनं ज्याचं बोलणं त्यालाच पोचवणारी सात तोंडांची एक पेटी काढली. तोच पहिला इथरनेट स्विच मानतात. कंपनीचं नाव 'कल्पना', त्यांच्या पत्नीच्या नावावरून. १९९४ मध्ये सिस्कोनं ती विकत घेतली.

पेट्या वाढत वाढत पुन्हा कपाटं झाली. आडव्या खाचा, त्यांत तारा घेणारी कार्डं आणि एक प्रोसेसर कार्ड. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेत त्याला 'सुपरवायझर' म्हणतात. टेलिफोनवाल्यांनी तीस वर्षांपूर्वी जे शिकलं, ते इथं पुन्हा पायरी पायरीनं शिकलं गेलं. आधी एकच सुपरवायझर. मग दुसऱ्यासाठी खाच. पण सुरुवातीच्या पद्धतीत दुसरं कार्ड अर्धवट जागं असे. पहिलं गेलं की ते उठणार, बाकीची सगळी कार्डं नव्यानं सुरू होणार, यात दोन मिनिटं किंवा जास्त जात. पुढच्या पद्धतीत हे अर्ध्या मिनिटावर आलं. नंतरच्या पद्धतीत पहिल्याची सगळी ताजी माहिती दुसऱ्याकडे सतत जात राहते, आणि बदल तीन सेकंदांच्या आत होतो.

शाळेत आम्हाला हे तीनही प्रकार माहीत आहेत. एक शिक्षक अचानक रजेवर गेले आणि बदली तासाला आलेल्यांना विषयच ठाऊक नाही, हा पहिला. विषय ठाऊक आहे, पण धडा कुठवर आला ते पोरांना विचारावं लागतं, हा दुसरा. टेबलावर टाचणवही उघडी आहे आणि कालच्या ओळीपासून आज सुरू करता येतं, हा तिसरा.

त्या रात्री काय झालं

कार्ड बसवणं दहा मिनिटांचं काम, भाचा सांगत होता. मनगटाला पट्टी, कार्ड दोन्ही रुळांवर सरळ, दोन्ही खिट्ट्या एकदम दाबायच्या, मग स्क्रू. रिकाम्या खाचेवर झाकण, नाहीतर वारा भलतीकडून जातो आणि कार्डं तापतात. खरं काम पुढेच असतं. दोन्ही कार्डं एकाच जातीची आहेत ना? दोघांत सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती आहे ना? ती फाइल दोघांच्याही स्मृतीत वेगवेगळी ठेवली ना? आणि शेवटी, वेळ ठरवून, सगळ्यांना सांगून, मुद्दाम कारभार फिरवून बघितला ना?

त्या संस्थेत नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा फाइल एकाच कार्डात ठेवली गेली. 'पुढच्या वेळी या फाइलीवरून सुरू व्हा,' हा हुकूम मात्र दोघांसाठी लिहिला. काही आठवड्यांनी विजेच्या कामासाठी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. पहिलं कार्ड उठलं. दुसऱ्यानं फाइल शोधली, त्याला सापडली नाही, आणि ते उंबऱ्यावरच थांबलं. त्याच्यावर नारिंगी दिवा लागला. नेट चालू होतं, त्यामुळे कपाटाकडे कुणी पाहिलं नाही. नारिंगी दिवा तसाच जळत राहिला, कित्येक आठवडे. फॉर्मच्या शेवटच्या रात्री पहिलं कार्ड गेलं.

"कागदावर दोन कार्डं होती, मामू," भाचा म्हणाला. "पैसेही दोघांचे दिलेले."

कागदावर दोन असणं मला नवं नाही. पटावर दोन शिक्षक आणि वर्गात एक, हे मी पाहिलंय. दवाखान्याच्या फळ्यावर दोन डॉक्टर आणि खुर्चीत कुणीच नाही, हेही. सकासुन्नाच्या अभियंत्यांनी दुसऱ्या मेंदूवर पैसे घातले, पण त्यांचं मोठेपण त्यात नाही. यंत्र मुद्दाम हजारो वेळा बिघडवून बघण्याची तसदी त्यांनी घेतली, त्यात आहे. अब्बांच्या त्या एका ओळीतही तेच होतं. आणि ही तसदी कुणी टाळली की तिची किंमत कपाटाशेजारी बसलेला देत नाही. ज्याच्याकडे फॉर्म लवकर भरण्याची सोय होती तोही देत नाही. ज्याचा दाखला शेवटच्या संध्याकाळी हातात पडतो, तोच देतो. बिघाड सगळ्यांसाठी सारखा असतो, त्याचा मार सारखा नसतो.

मी हे सगळं त्या मुलीच्या वडिलांना सांगायचं ठरवलं होतं. त्यांच्या गाडीपाशी गेलोही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सर, ते दुसरं कार्ड बघायला किती वेळ लागला असता?"

मी म्हणालो, "एक मिनिट."

ते काही बोलले नाहीत. पपई कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या पिशवीत ठेवली.

ईदला परत निघताना भाच्यानं अब्बांची जुनी डायरी मागितली होती. मी ट्रंकेतून काढून दिली. त्यानं पानं उलटली आणि एका पानाचा मोबाइलवर फोटो घेतला. पानभर तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे तीच ओळ. कॉपी-० वर घेतले. ठीक. कॉपी-१ वर घेतले. ठीक. शाईचा रंग बदलत गेलेला, अक्षर थरथरायला लागलेलं, पण मधली एकही खेप चुकलेली नाही.